वर्डमध्ये ओळी ताणल्या जातात, मथळे ठळक होत नाहीत, पानं अर्धी रिकामी राहतात: नेमकं कुठे बघायचं?

मजकूरवाहक

बऱ्याच जणांनी वेगवेगळा लिहिलेला मजकूर एका फाइलमध्ये आणलाय, आता तो छपाईला द्यायचा आहे. वर्ड २०१९, विंडोज, डॉक्सएक्स फाइल, साधारण दीडशे पानं. मजकूर मुख्यतः युनिकोड देवनागरीत, अधूनमधून इंग्रजी शब्द आणि संकेतस्थळांचे पत्ते. अडचणी अशा आहेत:

१. मजकूर जस्टिफाय केलाय, म्हणजे दोन्ही कडा सरळ. काही ओळींत तीनच शब्द आणि ते पानभर पसरलेले. पुढची ओळ मात्र व्यवस्थित.

२. 'हेडिंग १' शैलीत (स्टाइलमध्ये) १६ पॉइंट आणि बोल्ड ठेवलंय. इंग्रजी मथळे तसे दिसतात, मराठी मथळे बारीक आणि साधेच राहतात.

३. काही पानं अर्ध्यावर संपतात. तिथे पेज ब्रेक दिलेला नाही.

४. एका परिच्छेदाचं इंडेंट बदललं की लांबच्या पानांवरचे परिच्छेदही हलतात.

५. यादीतले काही आकडे ठळक, बाकीचे साधे.

६. एका पानावर आडवी रेघ आहे. ती सिलेक्टही होत नाही, डिलीटही होत नाही.

एकेक जागा हाताने दुरुस्त करता येईल, पण दीडशे पानांत तसं करत बसायचं नाहीये. मूळ कारण कुठे शोधायचं ते हवंय.

परिच्छेदखूण

सगळ्यात आधी कंट्रोल+शिफ्ट+८ दाबा, किंवा होम टॅबवरचं ¶ बटण. न दिसणारी चिन्हं दिसायला लागतील आणि तुमच्या सहापैकी निदान तीन अडचणींचं उत्तर तिथेच सापडेल. फाइल पूर्ण होईपर्यंत ही चिन्हं चालूच ठेवा. कागदावर ती छापली जात नाहीत.

आता अडचण १. ताणलेल्या ओळीच्या शेवटी ¶ (परिच्छेद संपल्याची खूण) आहे की डावीकडे वळलेला बाण, ते बघा. बाण असेल तर तिथे कुणीतरी एंटरऐवजी शिफ्ट+एंटर दाबलंय. त्याने परिच्छेद संपत नाही, फक्त ओळ मोडते. जस्टिफायमध्ये परिच्छेदाची शेवटची ओळ सोडून बाकी सगळ्या ओळी वर्ड कडेपर्यंत ताणतो. शिफ्ट+एंटरने मोडलेली ओळ त्याच्या लेखी मधलीच ओळ, म्हणून तीन शब्दसुद्धा पानभर पसरतात.

उपाय दोन आहेत. तिथे खरोखर परिच्छेद संपत असेल तर कंट्रोल+एच उघडा, 'मोअर'मध्ये जाऊन 'स्पेशल' बटणातून वरच्या चौकटीत 'मॅन्युअल लाइन ब्रेक' आणि खालच्या चौकटीत 'पॅराग्राफ मार्क' निवडा. मात्र सरसकट 'रिप्लेस ऑल' करू नका. कविता, पत्ते, दोन ओळींचे मथळे अशा ठिकाणी शिफ्ट+एंटर मुद्दाम दिलेलं असतं. 'फाइंड नेक्स्ट' करत एकेक बघा.

दुसरा उपाय असा: ओळ मोडलेली राहू द्यायची पण ताणायची नाही. त्यासाठी फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, आणि अगदी तळाशी 'लेआउट ऑप्शन्स'. तिथे शिफ्ट-रिटर्नने संपणाऱ्या ओळीत जागा वाढवू नये असा पर्याय आहे, त्यावर टिक करा. ही निवड त्या फाइलपुरती असते.

ओळीच्या शेवटी बाण नसेल आणि पुढची ओळ एखाद्या लांबलचक संकेतस्थळाच्या पत्त्याने सुरू होत असेल, तर कारण वेगळं आहे. तो पत्ता मधे तुटत नाही, अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेले शब्द ताणले जातात. पत्त्यात तिरक्या रेषेनंतर कर्सर ठेवून इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स, स्पेशल कॅरेक्टर्स इथून 'नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक' घाला. हे फक्त इंग्रजी पत्त्यातच. देवनागरी शब्दात तेच चिन्ह जोडाक्षर फोडतं.

शिरोरेषा

अडचण २ देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्ड प्रत्येक मजकुरासाठी फॉन्टची माहिती एकाच जागी ठेवत नाही. रोमन अक्षरांसाठी एक संच असतो, देवनागरी, अरबी, हिब्रू यांसारख्या लिप्यांसाठी दुसरा. या दुसऱ्या संचाला वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतो. फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, बोल्ड वेगळं, इटॅलिक वेगळं. शैलीत तुम्ही १६ आणि बोल्ड ठेवलंत ते पहिल्या संचात गेलं. देवनागरी मथळे दुसऱ्या संचातून आकार घेतात आणि तिथे जुनाच आकडा बसलेला आहे.

कुठे बदलायचं: 'हेडिंग १'वर राइट क्लिक, मॉडिफाय, खाली डावीकडे फॉरमॅट, त्यात फॉन्ट. चौकटीत वर 'लॅटिन टेक्स्ट' आणि त्याखाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन भाग दिसतील. दुसऱ्या भागातही फॉन्ट, बोल्ड आणि १६ भरा. मॉडिफायच्या पहिल्याच खिडकीत बोल्डचं बटण दाबून थांबू नका, फॉन्टच्या चौकटीत जाऊन दोन्ही भाग डोळ्यांनी बघा.

दुसरा भाग दिसतच नसेल, तर वर्डला तुम्ही देवनागरीत लिहिता हे अजून सांगितलेलं नाही. फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे संपादनाच्या भाषांत मराठी जोडा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

'नॉर्मल' शैलीतही हेच करून घ्या. बाकीच्या बऱ्याच शैली तिच्यावर बेतलेल्या असतात, त्यामुळे मूळ फॉन्ट तिथे नीट भरला की पुढचं काम निम्मं होतं. थीमचा फॉन्ट तसाच ठेवलात तर देवनागरीसाठी बहुतेक वेळा मंगल येतो. तुम्हाला कोकिळा, निर्मला यूआय किंवा आणखी कुठला हवा असेल तर त्याचं नाव स्पष्ट निवडा.

कोरेपान

अडचण ३ साठी परिच्छेदखूण यांनी सांगितलेली चिन्हं चालू असतानाच पानाची डावी कड बघा. काही परिच्छेदांच्या सुरुवातीला लहान काळा चौकोन दिसेल. तो टाइप केलेला नसतो. त्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट', 'कीप लाइन्स टुगेदर' किंवा 'पेज ब्रेक बिफोर' यांपैकी काहीतरी लावलंय, एवढंच तो सांगतो.

मथळ्याला 'कीप विथ नेक्स्ट' असणं बरोबर आहे. मथळा पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर असं होऊ नये म्हणून ते असतं. पण कुणी मथळ्यातून कॉपी करून खाली मजकूर चिकटवला की ती सूचना साध्या परिच्छेदांनाही लागते. मग एक परिच्छेद दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळा गठ्ठा पुढच्या पानावर उडी मारतो. मागे अर्धं पान रिकामं.

गठ्ठा सिलेक्ट करा, पॅराग्राफच्या चौकटीत 'लाइन अँड पेज ब्रेक्स' टॅबवर जा. चौकटीत टिक असेल तर काढा. टिकऐवजी भरीव ठिपका किंवा करडा रंग असेल तर निवडलेल्या परिच्छेदांत सरमिसळ आहे. दोनदा क्लिक करून चौकट पूर्ण रिकामी करा. 'विडो/ऑर्फन कंट्रोल' मात्र राहू द्या. त्याने जास्तीत जास्त एक-दोन ओळी इकडच्या तिकडे होतात, अर्धं पान जात नाही.

रिकाम्या जागेनंतर तक्ता सुरू होत असेल तर तक्त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये रो टॅबवर ओळ पानांवर तुटू देण्याचा पर्याय बंद आहे का ते बघा. एका मोठ्या ओळीत पाऊण पान मजकूर असला की ती अख्खी ओळ पुढे जाते.

मजकूरवाहक

सगळ्यांचे आभार. १ आणि ३ सुटल्या. पत्त्यांमुळे ताणलेल्या ओळीही होत्या.

२ अर्धी सुटली. बहुतेक मराठी मथळे आता १६ आणि बोल्ड दिसतात, पण काही ढिम्म हलत नाहीत, त्यांनाही 'हेडिंग १' लावलेलं असूनसुद्धा. आणखी एक: काही परिच्छेदांत मराठी मजकूर १४ आणि मधे आलेले इंग्रजी आकडे (1, 2, 3) बारीक दिसतात. त्याच पानावर दुसरीकडे तेच आकडे बरोबर आकाराचे. शिवाय ओळींमधलं अंतरही सारखं नाही.

शिरोरेषा

हलत नाहीत त्या मथळ्यांवर थेट फॉरमॅटिंग आहे, म्हणजे शैलीच्या वर कुणीतरी हाताने आकार लावलाय. शैली बदलली तरी हाताने लावलेलं वरचढ ठरतं.

खात्री करायची तर मथळ्यात कर्सर ठेवून शिफ्ट+एफ१ दाबा. उजवीकडे 'रिव्हील फॉरमॅटिंग'चं पॅनेल उघडेल. तळाशी 'डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स' आहे, त्यावर टिक करा. आता कुठली गोष्ट परिच्छेदाच्या शैलीतून आली आणि कुठली 'डायरेक्ट' आहे हे वेगवेगळं दिसेल. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे 'कॉम्प्लेक्स' या नावाने स्वतंत्र लिहिलेला असतो, तो मुद्दाम वाचा. त्याच पॅनेलमध्ये वर 'कम्पेअर टू अनदर सिलेक्शन' आहे. बरोबर दिसणारा मथळा आणि बिघडलेला मथळा असे दोन्ही दाखवलेत तर वर्ड फक्त त्यांतला फरक मांडतो. हे पॅनेल फार कमी जण वापरतात, आणि निदान करायला याच्याइतकं कामाचं साधन वर्डमध्ये दुसरं नाही.

फरक कळला की मथळा सिलेक्ट करून कंट्रोल+स्पेसबार. अक्षरांवरचं थेट फॉरमॅटिंग निघून शैलीतलं खाली उघडं होतं.

आकड्यांबद्दल. इंग्रजी अंक स्वतःहून पहिल्या संचात मोडतात. मात्र मजकुराच्या त्या तुकड्यावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' अशी खूण असेल तर तेच अंक दुसऱ्या संचाचा आकार घेतात. टाइप करताना कुठला कीबोर्ड चालू होता, मजकूर कुठून चिकटवला, यावर ही खूण पडते किंवा पडत नाही. म्हणून एकाच पानावर २ रूपं. यावर सगळ्यात सोपा बंदोबस्त म्हणजे शैलीत दोन्ही संचांचा आकार एकच ठेवायचा. मग खूण असो वा नसो, आकडा तोच दिसेल. रोमन अक्षरं डोळ्यांना थोराड वाटत असतील तर आकार कमी करण्याऐवजी लॅटिन फॉन्ट बदला.

ओळींच्या अंतराचं कारणही फॉन्टमध्येच आहे. 'सिंगल' किंवा 'मल्टिपल' असं अंतर दिलं की ओळीतल्या सर्वांत उंच फॉन्टवरून त्या ओळीची उंची ठरते. देवनागरी फॉन्टना मात्रा आणि उकारांसाठी वर-खाली जास्त जागा लागते आणि प्रत्येक फॉन्टचं माप वेगळं. एकाच परिच्छेदात एका ओळीत मंगल, दुसऱ्या ओळीत निव्वळ इंग्रजी असेल तर दोन ओळींची उंची वेगळी होणारच. छपाईच्या मजकुराला 'एक्झॅक्टली' देऊन टाका. १२ पॉइंटच्या देवनागरीला १८ ते २० पॉइंटने सुरुवात करा. मग 'र्‍हैं', 'कृ', 'द्धू' अशी वर-खाली पसरणारी अक्षरं असलेल्या ओळी बघा. मात्रा किंवा उकार कापला जात असेल तर एकेक पॉइंट वाढवा.

पानाकडेचा

'एक्झॅक्टली' देणार असाल तर चित्रं सांभाळा. मजकुराच्या ओळीत बसवलेलं चित्र त्या ओळीच्या उंचीत अडकतं आणि त्याची फक्त एक पातळ पट्टी दिसते. लोकांना वाटतं चित्र खराब झालं. चित्राच्या परिच्छेदाला वेगळी शैली करा आणि तिथे अंतर 'सिंगल' ठेवा.

दुसरं, पॅराग्राफच्या चौकटीत खाली 'स्नॅप टू ग्रिड' असा पर्याय दिसत असेल तर तो काढा. काही साच्यांमध्ये पानावर अदृश्य जाळी ठरवलेली असते. अक्षर जरा उंच झालं की ओळ जाळीच्या पुढच्या रेषेवर जाते आणि अंतर एकदम दुपटीसारखं दिसतं. अंतराचे आकडे कितीही बदलले तरी हे सुटत नाही, कारण ते आकड्यांत नसतंच.

शैलीदर्शक

अडचण ४. एक परिच्छेद बदलला की सगळे हलतात याचं कारण जवळपास नेहमी एकच: त्या शैलीत 'ऑटोमॅटिकली अपडेट' चालू आहे. शैलीवर राइट क्लिक, मॉडिफाय, तळाशी ती टिक काढा. 'नॉर्मल'ला हा पर्याय नसतो, बाकीच्या शैलींना असतो. त्यामुळे बाहेरून आलेल्या प्रत्येक शैलीत डोकावून बघा.

याचा एक भाऊबंद डेव्हलपर टॅबवर 'डॉक्युमेंट टेम्प्लेट'मध्ये असतो, 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स'. तो चालू असेल तर फाइल उघडताना दर वेळी साच्यातल्या शैली पुन्हा ओतल्या जातात. तुम्ही शैली सुधारता, सेव्ह करता आणि पुन्हा उघडल्यावर जैसे थे. असं होत असेल तर आधी तिथेच बघा.

आता थेट फॉरमॅटिंगची मोठी सफाई. शिरोरेषा यांनी सांगितलेलं कंट्रोल+स्पेसबार एकट्या मथळ्यावर ठीक आहे, पण अख्ख्या मजकुरावर चालवू नका. लेखकाने मुद्दाम दिलेलं इटॅलिक आणि ठळकही त्यात जातं. क्रम असा ठेवा. आधी कंट्रोल+एच. वरच्या चौकटीत काही न लिहिता फॉरमॅट, फॉन्ट, इटॅलिक. खालच्या चौकटीत फॉरमॅट, स्टाइल, 'एम्फसिस'. रिप्लेस ऑल. बोल्डसाठी तसंच, 'स्ट्राँग' शैली लावून. देवनागरी शब्दांचं ठळक दुसऱ्या संचात असतं, म्हणून शोधताना फॉन्टच्या चौकटीतल्या 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' भागातलं बोल्ड निवडून आणखी एक फेरी करा आणि 'स्ट्राँग' शैलीतही त्या भागात बोल्ड आहे याची खात्री करा. एवढं झालं की मगच कंट्रोल+ए आणि कंट्रोल+स्पेसबार... नाही, थांबा, अजून एक अट आहे: कंट्रोल+स्पेसबार अक्षरशैलीसुद्धा काढतो, म्हणजे आत्ता लावलेलं 'एम्फसिस' आणि 'स्ट्राँग'ही. म्हणून मजकूर सगळा निवडायचा नाही. शोधाच्या खिडकीतून 'आकार ११', 'फॉन्ट मंगल' असं नेमकं चुकीचं फॉरमॅटिंग शोधायचं आणि बदलीच्या चौकटीत हवा तो फॉन्ट, हवा तो आकार द्यायचा. 'एम्फसिस' आणि 'स्ट्राँग' त्यात शाबूत राहतात.

परिच्छेदाचं थेट फॉरमॅटिंग, म्हणजे इंडेंट, अंतर, जुळवणी, कंट्रोल+क्यू ने निघतं. ते सिलेक्शनवर बिनधास्त चालवा, अक्षरांना धक्का लागत नाही.

एक नियम माहीत असलेला बरा. परिच्छेदाला शैली लावताना त्यातल्या निम्म्याहून जास्त मजकुरावर एखादं थेट फॉरमॅटिंग असेल तर वर्ड ते पुसतो, निम्म्याहून कमी असेल तर राखतो. म्हणून तीच शैली लावूनही एका परिच्छेदातलं इटॅलिक राहतं आणि दुसऱ्यातलं जातं.

परिच्छेदखूण

५ आणि ६ पटकन.

यादीतल्या आकड्याचं रूप त्या परिच्छेदाच्या शेवटच्या ¶ चिन्हावरून ठरतं. वाक्याचा शेवटचा शब्द ठळक करताना सिलेक्शन जरा पुढे गेलं, ¶ सुद्धा ठळक झालं आणि त्याचा परिणाम ओळीच्या सुरुवातीला दिसला. फक्त ¶ सिलेक्ट करा, कंट्रोल+स्पेसबार. मजकुराला हात लावायची गरज नाही. सगळेच आकडे चुकीचे असतील तर ते यादीच्या व्याख्येत आहे: मल्टिलेव्हल लिस्टची चौकट उघडून त्या पातळीचं 'फॉन्ट' बटण बघा.

न हलणारी रेघ ही रेघ नाहीच, वरच्या परिच्छेदाची खालची किनार आहे. तीन डॅश टाइप करून एंटर दाबलं की वर्ड आपोआप ती लावतो. तीन बरोबर-चिन्हांनी दुहेरी रेघ, तीन तारकांनी ठिपक्यांची, तीन अंडरस्कोअरने जाड रेघ येते. रेघेच्या वरच्या परिच्छेदात कर्सर ठेवा, होम टॅबवर बॉर्डर्सच्या बाणात 'नो बॉर्डर'. पुन्हा येऊ नये म्हणून ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, 'ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप' इथे 'बॉर्डर लाइन्स'ची टिक काढा.

साधामजकूर

इतकं करण्यापेक्षा सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून परत वर्डमध्ये आणा. एका झटक्यात सगळं फॉरमॅटिंग गेलं, मग स्वच्छ शैली लावा. कुणीच हे का सुचवत नाही?

शैलीदर्शक

दोन-चार पानांचा साधा मजकूर असेल तर नोटपॅडच बरा, वादच नाही. इथे दीडशे पानं आहेत. नोटपॅडमध्ये तळटीपा जातात, तक्त्यांचे रकाने टॅब होऊन सुटे पडतात, चित्रं जातात, इटॅलिक जातं, मथळ्यांच्या पातळ्या जातात. ते पुन्हा बसवताना मूळ लेखकाच्या मजकुरात चुका घुसतात आणि त्या शोधायला प्रूफ पुन्हा वाचावं लागतं. शिवाय नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी मोकळी जागा) आणि अदृश्य जोडचिन्हं ही अक्षरंच आहेत, ती नोटपॅडमधूनही तशीच परत येतात. म्हणजे नको ते राहतं आणि हवं ते जातं.

यापेक्षा वेगवेगळ्या फाइल एकत्र करतानाच काळजी घ्या. ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, 'कट, कॉपी अँड पेस्ट' इथे शैलींची व्याख्या जुळत नसेल तेव्हा 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' ठेवा. वर्ड २००७ आणि २०१० मध्ये 'नॉर्मल'ला परिच्छेदानंतर १० पॉइंट आणि ओळीचं अंतर १.१५ असं मुळातच असतं. २०१३ ते २०१९ मध्ये ८ पॉइंट आणि १.०८. दोन्हीकडे शैलीचं नाव तेच. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग'ने चिकटवलं की हा फरक थेट फॉरमॅटिंग बनून तुमच्या फाइलमध्ये कायमचा बसतो.

शिरोरेषा

शैलीदर्शक यांच्याशी सहमत. नॉन-ब्रेकिंग स्पेस चिन्हं चालू असताना अंशाच्या खुणेसारखी ° दिसते, साधी स्पेस मधल्या ठिपक्यासारखी. संकेतस्थळांवरून घेतलेल्या मजकुरात त्या भरपूर असतात आणि शब्द एकमेकांना चिकटून ओळी वेड्यावाकड्या तुटतात. शोध-बदलीत 'स्पेशल'मधून 'नॉनब्रेकिंग स्पेस' शोधा, बदलीत एक साधी स्पेस.

अशा मजकुरामागे करडी पट्टी येते तीही बघा. ती हायलाइट नसून शेडिंग असते. परिच्छेदाचं असेल तर कंट्रोल+क्यू, अक्षरांचं असेल तर कंट्रोल+स्पेसबार. खरं हायलाइट या दोन्हीने जात नाही, त्याला हायलाइटच्या बटणातूनच 'नो कलर' द्यावं लागतं.

आणि शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली दिसत असेल तर दोन जागा. फॉन्टच्या चौकटीत अॅडव्हान्स्ड टॅबवर 'स्पेसिंग' 'एक्स्पांडेड' आहे का? रोमन मथळ्यांना अक्षरं सुटी करण्याची पद्धत असते, देवनागरीत त्याने रेघ तुटते. तिथे 'नॉर्मल' ठेवा. दुसरी जागा म्हणजे जुळवणी. कंट्रोल+जे ऐवजी चुकून कंट्रोल+शिफ्ट+जे दाबलं गेलं की 'डिस्ट्रिब्यूट' लागतं. त्यात शेवटची ओळसुद्धा कडेपर्यंत ताणली जाते. पुन्हा कंट्रोल+जे.

झिपउघड्या

ज्यांना वर्डच्या खिडक्यांवर विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी. डॉक्सएक्स ही झिप केलेली फाइल असते. प्रत करा, प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करा, उघडा. 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये शैलींची एक फाइल आणि मजकुराची एक. शैलींच्या फाइलमध्ये 'हेडिंग १' शोधा. आकारासाठी एसझेड आणि एसझेडसीएस असे दोन टॅग दिसतील. आकडे अर्ध्या पॉइंटमध्ये असतात, म्हणजे ३२ म्हणजे १६ पॉइंट. मजकूरवाहक यांच्या मूळ फाइलमध्ये एसझेडला ३२ आणि एसझेडसीएसला २४ किंवा तसंच काही सापडलं असतं. ठळकपणाचंही तसंच: बी आहे पण बीसीएस नाही, म्हणून इंग्रजी मथळा ठळक आणि मराठी साधा. इथे फक्त वाचा, बदल वर्डमध्येच करा.

जुनेटंक

एक शक्यता राहिली. एखादा तुकडा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असू शकतो. ओळखायला सोपं: तुकड्याच्या प्रतीला कुठलाही इंग्रजी फॉन्ट लावा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड, रोमन अक्षरांचा चिवडा झाला तर जुना फॉन्ट. तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, शैली नंतर. तोपर्यंत त्या तुकड्यात काही टाइप करू नका. त्या फॉन्टमध्ये अवतरणचिन्हाच्या जागी एखादं मराठी अक्षर बसवलेलं असतं आणि वर्डचं ऑटोकरेक्ट सरळ अवतरणचिन्ह वळणदार करतं, की अक्षरच बदलतं. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची सोयही असाच घोळ घालते.

रिकामाकॉलम

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी: चिन्हं कंट्रोल+एफ१०, शैली एफ११, थेट फॉरमॅटिंग काढायला कंट्रोल+एम. देवनागरीचा वेगळा संच तिथेही आहे, 'सीटीएल' नावाने. टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू केलं की शैलीच्या फॉन्ट टॅबवर तो दिसतो.

मजकूरवाहक

सहाही अडचणी सुटल्या. मधे दोन पानं जुन्या फॉन्टची होती, तीही सापडली. आता शेवटच्या दोन गोष्टी उरल्यात. मधल्या एका आडव्या पानानंतरचा सेक्शन ब्रेक काढला की आधीचं आडवं पान उभं होतं आणि हेडरही बदलतो. आणि पुस्तकाच्या शेवटी तक्ता आहे, त्यानंतर एक कोरं पान येतं, डिलीट दाबून जात नाही.

कोरेपान

सेक्शनचं पान, समास, हेडर ही सगळी माहिती त्या सेक्शनच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. ब्रेक काढला की आधीचा भाग पुढच्या सेक्शनमध्ये मिसळतो आणि पुढच्याचं रूप घेतो. तुमचं आडवं पान आडवंच राहायला हवं असेल तर तो ब्रेक तिथे असायलाच हवा, काढू नका. जिथे दोन्हीकडे पान सारखंच आहे पण फालतू ब्रेक उरलाय, तिथे असं करा. आधीच्या सेक्शनमध्ये कर्सर ठेवून पेज सेटअपची चौकट उघडा, काही न बदलता ओके. कर्सर पुढच्या सेक्शनमध्ये न्या आणि एफ४. तेच माप तिथे लागतं. मग पुढच्या सेक्शनच्या हेडर आणि फूटरमध्ये 'लिंक टू प्रीव्हियस' चालू करा. आता ब्रेक काढलात तर काही हलणार नाही.

शेवटचं कोरं पान: तक्त्यानंतर एक ¶ ठेवणं वर्डला भागच असतं, ते डिलीट होत नाही. तक्ता पानाच्या तळापर्यंत भरला की ते एकटं ¶ पुढच्या पानावर पडतं. त्याला सिलेक्ट करून फॉन्टच्या आकारात १ टाइप करा, देवनागरीच्या भागातही १. परिच्छेदाच्या आधीचं आणि नंतरचं अंतर शून्य, ओळीचं अंतर एक्झॅक्टली १ पॉइंट. ¶ तक्त्याखाली सरकतं आणि पान जातं. तरीही गेलं नाही तर तक्ताच तळाच्या समासाला अगदी भिडलाय. शेवटच्या ओळीची उंची २-३ पॉइंटने कमी करा.